कारण विचारता येणार नाही

भडगावच्या कचेऱ्यांत उखर्डू तोताराम महाजन या माणसाला कोणी नावाने ओळखत नाही. "सहा-दोन आले," म्हणतात आणि हातातला चहा खाली ठेवतात. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम सहा, पोटकलम दोन आहे: अर्जदाराला माहिती कशासाठी हवी, याचं कारण विचारता येणार नाही. सातवी पास उखर्डूनानांनी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलता उचलता हा कायदा स्वतःच वाचून काढला, आणि त्यातलं हे एक वाक्य त्यांना इतकं आवडलं, की बायकोने, मंजुळाबाईंनी, "कोठे चालनात?" विचारलं तरी ते हेच कलम सांगतात.

गेल्या वर्षापासून नानांना अक्षरं दिसेनाशी झाली. आधी त्यांनी झेरॉक्सवाल्याला झापलं, शाई पातळ केली म्हणून. मग कचेरीला अर्ज टाकला, सुवाच्य प्रती द्या म्हणून. जळगावच्या डॉक्टरने सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, चष्म्याने येणार नाही. नानांनी घरी येऊन सांगितलं, डॉक्टर नवीन आहे.

"कागद उलटा धरेल शे," मंजुळाबाई म्हणाल्या.

नानांनी कागद सुलटा केला. बाहेर मात्र कोणाला पत्ता लागू दिला नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात कोरा कागद दिला तरी खपतो, हे कचेरीला कळलं असतं, तर वीस वर्षांचा दरारा एका दुपारी संपला असता.

त्यात एका गावच्या नळयोजनेची माहिती आली. दोनशे चौदा पानं. सुनावणीला तीन आठवडे. कचेरीसमोर अर्ज भरून देणाऱ्या रूपाला नानांनी डोळे थकतात एवढंच सांगितलं; तिने नानांच्या फोनवर 'श्रोता' नावाचं अ‍ॅप टाकून दिलं. कागदाचा फोटो काढायचा, अ‍ॅप मोठ्याने वाचून दाखवतं.

"किती पैसे?"

"फुकट आहे, नाना."

फुकट म्हणजे सरकारी, हे नानांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सरकारी म्हणजे वर कोणीतरी जबाबदार बसलेला.

अ‍ॅप छान वाचायचं. फक्त आकडा आला की गप्प. "दिनांक रोजी मीटर लांबीची पाईपलाईन पूर्ण करण्यात आली," असं ते न अडखळता म्हणायचं. नानांचं अख्खं प्रकरण त्या मीटरांत अडकलं होतं.

अ‍ॅपमध्ये सूचनांचं एक पान होतं, कोणालाही वाचता येईल असं. नानांनी फोनला बोलून मजकूर घातला. "विषय: देवनागरी अंक न वाचण्याबाबत. आठ दिवसांत कार्यवाही न झाल्यास होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल. प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी." खाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही फोनने वाचून दाखवलं. कोणी वृषाली होती. फोन कोणता, कागदावर काय छापलंय, अ‍ॅप काय म्हणालं, इतपत ठीक होतं. शेवटचा प्रश्न होता: हे तुम्हाला कशासाठी हवं आहे?

नानांच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. "कलम सहा, पोटकलम दोन," त्यांनी कळवलं. बाकीच्या प्रश्नांना हातही लावला नाही.

"तो कायदा मला लागू नाही," वृषालीने लिहिलं. "मी सरकार नाही. मी शिंदखेड्याला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. हे अ‍ॅप माझ्या वेळात बनवलंय."

नानांनी प्रथम अपील दाखल केलं. आपल्या वरच्या अधिकाऱ्याचं नाव व पदनाम कळवावे.

"माझ्या वर कोणी नाही. खाली पण नाही. माहिती मिळाली नाही म्हणून ही सूचना बंद करते आहे."

बंद. निकाली. हा शब्द नानांनी आयुष्यात पुष्कळ पचवला होता, पण तो पगारी लोकांकडून. सोमवारी सकाळी पिशवीत निषेधाचा फलक घालून त्यांनी धुळ्याची एसटी पकडली आणि तिथून शिंदखेड्याची. स्टँडवर विचारत विचारत ते लॅबमध्ये पोहोचले. दारातच कोणीतरी हातात चिठ्ठी दिली आणि बाकावर बसवलं.

"सतरा," आतून आवाज आला.

कोणी उठलं नाही.

"सतरा नंबर कोण आहे?"

शेजारच्या बाईने वाकून पाहिलं. "बाबा, सतरा तुमनाच हातमा शे."

आत तिशीची मुलगी हातमोजे घालून उभी होती. तिने नानांना बसवलं आणि दंडाला रबर बांधलं.

"उपाशीपोटी आलात ना?"

"उपाशीच आहे. गरज पडली तर तसाच राहीन."

"कशासाठी?"

"देवनागरी अंकांसाठी."

तिने रबर सोडलं. "आठ दिवसांची मुदत देणारे तुम्हीच का?"

"वृषाली तुम्हीच?"

"मीच. आकडे वाचायला लावणं अवघड नाहीये, नाना. ते मी मुद्दाम गाळलेत."

मुद्दाम केलं म्हणणारा माणूस नानांना वीस वर्षांत एकाही टेबलावर भेटला नव्हता.

"हे मी आईसाठी बनवलं," वृषाली म्हणाली. "तिला पोथी ऐकायची असते. तर हे प्रत्येक ओवी संपली की तिचा आकडा म्हणायचं. आई म्हणाली, हे काय सारखं मोजत बसलंय. म्हणून काढून टाकले. आता तुम्ही म्हणता घाला. तुमचं करायला गेले तर तिचं बिघडतं. कोणाला कशासाठी हवंय ते कळल्याशिवाय मी करू काय?"

"पण सक्तीने कारण विचारता येत नाही."

"सक्ती कुठंय? नका सांगू. मी पण नाही करत. दुपारी अर्धा तास मिळतो मला, त्यातच डबा खायचा असतो."

नाना ताडकन उठले आणि वजनकाट्याला अडखळले. वृषालीने दंड धरला, आणि धरूनच ठेवला.

"नाना, तुम्हाला दिसत नाही का?"

"कडेकडेचं दिसतं."

"मग एवढंच लिहायचं होतं ना."

"तिथे लिहिलं की सगळे वाचतात. आमची कचेरी पण वाचेल."

"मग नाव नका टाकू. कोणत्याही नावाने चालतं."

नानांनी हात सोडवून घेतला. "निनावी अर्ज मी करत नसतो."

ते बाहेर बाकावर येऊन बसले. फोन कोणता, ते शेजारच्या बाईला विचारलं. मग भरल्या लॅबमध्ये तोंडाजवळ फोन धरून एकेका प्रश्नाचं उत्तर बोलले. शेवटच्या प्रश्नालाही आवाज खाली आणला नाही. "कारण. मला दिसत नाही. गुरुवारी सुनावणी आहे. दोनशे चौदा पानांत मीटर शोधायचे आहेत." पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर. बाकावरची माणसं आपापल्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिली.

"गुरुवारपर्यंत होईलच असं सांगत नाही," वृषाली दारातून म्हणाली.

नाना आयुष्यात पहिल्यांदा 'बरं' म्हणाले. फलक पिशवीतून बाहेर आलाच नाही.

मंगळवारी दुपारी निरोप आला. अ‍ॅपमध्ये एक नवीन बटण टाकलंय, आकडे हवेत की नकोत ते ज्याचं त्याने ठरवावं. चुकलं तर काय चुकलं ते लिहा. मंजुळाबाईंनी बटण शोधून दिलं, आणि दोन दिवस घरात फक्त मीटर ऐकू येत होते.

गुरुवारी सुनावणीत नानांनी फोन टेबलावर ठेवला. पान एकशे बेचाळीस, सहाशे मीटर, असं तो म्हणाला. मग पान एकशे त्र्याऐंशी, तेच काम, तीच तारीख, दोनशे चाळीस मीटर.

साहेबांनी चष्मा काढला. "महाजन, आज तुम्ही स्वतः का वाचत नाही?"

"सहा-दोन," नाना म्हणाले. "लिहून घ्या, तीनशे साठ मीटर कुठे आहेत ते."

साहेबांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी सूचनांच्या पानावर नानांचा मजकूर पडला. विषय: आभाराबाबत. "आपण दुपारच्या वेळेत केलेली कार्यवाही समाधानकारक आहे. बटणामुळे आपल्या आईच्या पोथीत आकडे येत नाहीत ना, हे सवडीने कळवावे. मुदत नाही. प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी."