केनियाचे शेजारी

माझ्या हातचं काय काय आहे ते आधी सांगतो. घराचे नऊ दरवाजे. एकही खिळा न वापरता केलेला देव्हारा. कडावच्या गिरणीत भात ओतायचं मोठं लाकडी नसराळं. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही... दहावीनंतर शाळा सुटली, बाकी सगळं बघून, मोडून आणि पुन्हा करून शिकलो.

आणि एक जग. सहा एमएमच्या प्लायमधून कापलेलं, प्रत्येक देशाचा एक तुकडा, बारीक बेटं सोडून एकशे चौसष्ट तुकडे. माझी मुलगी ऋतुजा पाच वर्षांची होती तेव्हा केलं. कर्जतच्या रद्दीवाल्याकडे एक जुना ॲटलास मिळाला होता, त्यावरून चौपट मोठं करून.

ती डोळे मिटून नुसत्या बोटांनी देश ओळखायची. पाहुणे आले की आमचा हाच कार्यक्रम. चिली, व्हिएतनाम, सोमालिया... एकदाही चुकली नाही.

बारावीनंतर तिने ठरवलं, आंतरराष्ट्रीय संबंध घ्यायचे. परराष्ट्र धोरण, करार, सीमातंटे, जोडीला एक परदेशी भाषा, अशी चार वर्षांची पदवी असते हे मला तिच्याकडूनच कळलं. उत्तरेकडचं एक खासगी विद्यापीठ तिने शोधलं. पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तरच जमणार होतं, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

शेजारचे बाळूकाका दुधाचा धंदा करतात. ते रोज तिला छेडायचे. "ऋतुजा, तुजी वकिलात कडावला निघनार हाय का कशेळ्याला? तेवडं आधी सांग गं, दूध कुटं घालायचं ते ठरवाया बरं!" ती म्हणायची, "काका, तुमच्या दुधातलं पाणी हा पण आंतरराष्ट्रीय प्रश्नच आहे."

लेखी परीक्षा झाली, निबंध निवडला गेला. मग ऑनलाइन मुलाखत. लॅपटॉप बरोबर डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून मी खास स्टँड केला, आणि दाराबाहेर उभा राहिलो. इंग्रजी मला वाचून वाचून समजतं.

वीस मिनिटं पोरगी सुंदर बोलली. मग तिने आमच्या लाकडी जगाची गोष्ट सांगितली. कोणत्याही देशाचे शेजारी मी डोळे मिटून सांगू शकते, म्हणाली. समोरच्या मॅडम खूश झाल्या. "मग केनियाचे सांग बरं."

दाराच्या फटीतून मला तिची बोटं टेबलावर फिरताना दिसली. "सोमालिया, इथिओपिया, सुदान, युगांडा, टांझानिया."

मॅडमनी विचारलं, "सुदान? नक्की?" त्या तिला संधी देत होत्या, हे मला आज कळतंय. ऋतुजा म्हणाली, "हो मॅडम, शंभर टक्के. माझ्या बाबांनी केलंय ते. त्यांचं माप चुकत नाही."

बाहेर माझी छाती फुगली... खोटं कशाला सांगू.

मग दुसरे एक सर शांतपणे म्हणाले, "सुदानचे दोन देश झालेत. केनियाला लागून आहे तो साउथ सुदान." त्यानंतर ती जी अडखळली ती सावरलीच नाही. पुढच्या तीन प्रश्नांना नुसतं "सॉरी सर".

बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. "बाबा, साउथ सुदान."

"त्याचं काय?"

"आपल्यात नाहीये तो."

तिला तो देश माहीत होता हो. वर्तमानपत्रात वाचला होता, वहीत टिपण होतं. पण घाबरल्यावर माणूस लहानपणी शिकलेल्याकडेच धावतो... आणि तिच्या बोटांना मी शिकवलेलं जग मी कापायच्या आधीच जुनं झालेलं होतं.

मी ट्रंक उघडून सुदानचा तुकडा काढला. चारी बाजूंनी इतका घट्ट बसतो की कागदही आत जाणार नाही. फट नव्हती म्हणून चूकही कधी दिसली नाही. लोकांच्या चौकटी मी तीन-तीनदा मापतो, एका सुताचा फरक असला तरी परत कापतो. या कामात माप बरोबर होतं आणि नकाशाच शिळा होता.

तिच्या भूगोलाच्या सरांनी मला एकदा सुचवलं होतं, "एक नवीन नकाशा घ्या आणि ताडून बघा." मी म्हटलं होतं, "सर, तयार माल माझ्या घरात येत नाही." ते हसले. घरी येऊन ही गोष्ट मी बायकोला कौतुकाने सांगितली होती.

दहा दिवसांनी मेल आला. जागा दिली, स्कॉलरशिप नाही. बायको एवढंच म्हणाली, "तुमचं सगळं बरोबरच असतं ना." बाळूकाका आले, वकिलातीबद्दल एक शब्द नाही. "घे गं पोरी, खरवस हाय," म्हणाले आणि उभ्या उभ्याच परत गेले.

ऋतुजा आता इथेच राज्यशास्त्र घेणार. मलाच समजावते... त्यातही आंतरराष्ट्रीय संबंधांचा एक पेपर असतो, बाबा. एक पेपर. ती माझ्यावर चिडत नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. न शिकवता शिकलो, याचा अभिमान मी तीस वर्षं मिरवला. चूक दाखवणारं कुणी जवळ येऊ दिलं नाही, असाही त्याचा अर्थ होतो, हे या वयात कळून काय उपयोग?

विद्यापीठाला उत्तर द्यायची मुदत काल संध्याकाळी पाचपर्यंत होती. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "तुम्हीच करा, बाबा," आणि आत गेली. चार वर्षांची जागा, होस्टेल आणि मेस धरून, स्कॉलरशिपशिवाय. चार वाजून चाळीस मिनिटांनी मी नकार कळवला. एकतीस लाख साठ हजार रुपये.