दाढीतली चाई

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या दाढीचा आमच्या आळीत बोलबाला होता. आमची शेती कळंबच्या बाजूला, पण नोकरी खालापूरकडच्या कारखान्यात, म्हणून आई आणि मी भिसेगावात राहत होतो. रोज बाईकवर धूळ खाऊन घरी आलं की मी आधी दाढी धुवायचो, मग तोंड. मुलगी बघायला गेलो तेव्हाही दाढीला तेल लावून, नीट विंचरून गेलो होतो. मुलगी चौकजवळच्या गावातली, कर्जतला एका बालवाडीत शिकवणारी. तिने मला पसंत केलं आणि त्याचं निम्मं श्रेय मी मनातल्या मनात दाढीला देऊन टाकलं.

साखरपुडा जवळ आला तसा मी दाढी कोरून घ्यायला सलूनमध्ये गेलो. सलूनवाला माझा लहानपणापासूनचा मित्र. जबड्याच्या कडेला आल्यावर त्याची कात्री थांबली.

"इथं बोट लाव," तो म्हणाला.

मी बोट लावलं. रुपयाएवढी जागा अगदी गुळगुळीत. जणू तिथे कधी केस उगवलाच नव्हता.

"चाई पडली तुला," तो म्हणाला, आणि आरसा माझ्या हातात दिला.

आईने बघितलं आणि लगेच निकाल दिला. "किडा हाय रं तो. केस खातो. लसूण चोळली की मरंल." तिने सकाळ-संध्याकाळ लसूण ठेचून चोळली. किडा काही दिसला नाही, पण कातडी भाजून निघाली. आता जागा टक्कल पडलेली होतीच, वर लालभडक होऊन फोडही आले.

मुलीला न सांगता साखरपुड्याला उभं राहणं मला पटेना. मी फोन केला.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"बोला." तिचा आवाज बारीक झाला.

"माझ्या दाढीला चाई पडलीय."

ती एकदम हसायला लागली. "एवढंच? मला वाटलं दुसरी कुणी हाय का काय. फोटो पाठवा."

मी पाठवला. लगेच तिचा फोन आला. "लसूण लावली ना? उद्या कातडीच्या डॉक्टरकडं जाऊ. माझी शाळा दुपारी सुटते."

"जाऊ म्हणजे?"

"म्हणजे मी पण येणार."

हे आईच्या कानावर गेलं. लग्नाआधी पोरगा-पोरगी जोडीने दवाखान्यात गेली तर लोक काय म्हणतील, याची तिला काळजी पडली. त्यावर तिने उपाय काढला: तीही आली. रिक्षात मी मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला होणारी बायको. दवाखान्यात आत गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी तिघांकडे बघून विचारलं, "पेशंट कोण?" दोघींनी एकदमच माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी भिंगातून ती जागा बघितली. आईने घाईने विचारलं, "किडा दिसला का?"

"किडा नसतोच, मावशी. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या कधी कधी चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर हल्ला करतात. का करतात, ते अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही. काही घराण्यांत ते जास्त दिसतं."

आईने विचार केला. "म्हंजे आपलाच कुत्रा आपल्यालाच चावला."

"तसंच," बाई हसल्या. "लसूण मात्र बंद."

"आन् जेवणात?"

"जेवणात खुशाल घाला."

मग माझ्या होणाऱ्या बायकोने, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत, विचारलं, "हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही. टॉवेलनं नाही, कंगव्यानं नाही, कशानंच नाही," बाई म्हणाल्या. त्या 'कशानंच'वर ती इतकी लाजली की आईने तोंडाला पदर लावला.

फोड बरे झाल्यावर त्या जागेत बारीक सुईने इंजेक्शनं द्यायची, महिन्याने पुन्हा द्यायची, आणि थायरॉइडसाठी रक्त तपासायचं असं ठरलं. "मुळं मेलेली नाहीत," बाई म्हणाल्या. "बहुतेक केस येतील. कधी कधी काही न करताही येतात. पण वेळ लागेल, आणि पुढे दुसरीकडेही चाई पडू शकते. आत्ताच सांगून ठेवते."

फोड बसले तरी दाट दाढीत ती जागा उठून दिसत होती, म्हणून साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी मित्राला सगळी दाढी काढायला लावली. कित्येक वर्षांनी माझा चेहरा मलाच दिसला. उजव्या गालावर खळी होती, ती मी विसरूनच गेलो होतो. बहिणीची मुलगी मला बघून रडायला लागली आणि काही केल्या माझ्याकडे येईना.

साखरपुड्यात मुलीचे थोरले काका माझ्याकडे निरखून बघत राहिले. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले, "बघायला आलेला त्याला दाढी होती. हा दुसराच आणला काय?"

"हेच हायत, काका," मुलगी म्हणाली. "आता नीट दिसतायत."

बायका हसल्या. पण काकांनी दाढी का काढली ते विचारलंच. मी सगळं सांगितलं. चाई, इंजेक्शनं, पुन्हा पडू शकते हेसुद्धा.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. खाली एक केस नव्हता.

"माझे ऐन जवानीत गेले ते परत आलेच नाय," ते म्हणाले. "तरी तुमच्या काकीनं मला सोडला नाय. पेढे वाटा."

लग्नापर्यंत त्या जागेवर पांढरी लव आली होती. सुरुवातीला पांढरेच येतात बऱ्याचदा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. हळदीला मावश्यांनी तिथे जरा जास्तच हळद थापली, आणि पुढे केस काळे झाले तेव्हा सगळं श्रेय हळदीला दिलं. दाढी मी पुन्हा वाढवली नाही. बायकोला खळी आवडायची.

गेल्या पावसाळ्यात माझ्या डोक्याला तेल लावताना बायकोचा हात मानेच्या वर थबकला. नवीन चाई. मला क्षणभर वाईट वाटलं, पण तिने आधी तेलाची वाटी बाजूला ठेवली, मग फोन उचलून डॉक्टरबाईंची वेळ घेतली. इंजेक्शनं झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि शेतावर भाताची लावणी चालू होती, म्हणून आम्ही दोघं सकाळीच कळंबच्या बाजूला गेलो. आई आधीच चिखलात उभी होती. बायकोने साडी खोचली, आवणाची जुडी उचलली आणि वाकून भराभर रोपं लावत सुटली. मी मागे पडलो.

"सरळ लाव रं," आई बांधाकडून ओरडली. "ती बघ कुठं पोचली."


मी मान वर केली. ती पार पुढे गेली होती, आणि कोपरापर्यंत चिखल माखलेला हात हलवून मला बोलावत होती.