पाखरू आणि आकाशकंदील

तारीख १४ नोव्हेंबर १९९९, रविवार. टेम्पोचे भाडे साडेचारशे रुपये. हजर मी, माझी पत्नी आणि टेम्पोवाला. विश्रांतवाडीच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये देव्हारा करायचा होता. त्यासाठी पत्नीच्या माहेरून, भीमाशंकरकडच्या गावातून, पडलेल्या फणसाचा ओंडका मागवला होता. पार्किंगमध्ये तो उतरवताना ढोलीतून एक तपकिरी तोंड बाहेर आले.

"खार दिसते," मी म्हणालो.

"खार न्हाई साहेब, पाखरू हाय. या झाडावरनं त्या झाडावर उडतंय," टेम्पोवाला म्हणाला.

जखम काही नव्हती. पुढच्या-मागच्या पायांमध्ये सैल कातडीचा पडदा होता; पाखरू म्हणजे उडती खार. आम्ही त्याला बाल्कनीत लाकडी खोक्यात ठेवले. वनखात्याला फोन केला तर उत्तर मिळाले, "जिथून आले तिथेच सोडा. पण आधी खातेय का बघा, उपाशी प्रवासात टिकणार नाही."

ते खाईना. पत्नी आमच्या जेवणाच्या वेळी त्याला उठवी, सफरचंद, भिजवलेले हरभरे पुढे करी. ते डोळ्यांवर शेपूट ओढून पडून राही. दुसऱ्या दिवशी पार मलूल झाले. "नव्या घरात याचा जीव जायला नको हो," पत्नी म्हणाली. तिचेही जेवणात लक्ष नव्हते.

वरच्या मजल्यावर अकोल्याकडचा एक मुलगा भाड्याने राहायचा. संगणकांच्या वाय-टू-केच्या कामावर होता, अमेरिकेच्या वेळेने, म्हणजे रात्रभर. दुपारी चारला उठून तो आमच्याकडे पेपर न्यायला आला आणि खोक्यात डोकावला.

"काकू, मला कुणी सकाळी दहाला जेवायला उठवलं तर मीही तोंड फिरवीन. याचीही ड्यूटी रात्रीचीच."

"अरे, रात्रीही खाणं समोर असतंच की."

त्याने वर पाहिले. खोक्याच्या बरोबर वर आमचा आकाशकंदील होता. "हा केव्हापर्यंत चालू असतो?"

"सकाळपर्यंत. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज."

"मग याची रात्र झालीच नाही, काकू."

नव्या घरातली पहिली दिवाळी. त्रिपुरीआधी कंदील मालवणे पत्नीच्या माहेरी कुणी केले नव्हते. दिवस मावळला तशी ती उठली आणि तिने स्वतःच बटण बंद केले. "देवाला कळतं," ती म्हणाली, "याला कसं कळणार?"

हॉलमधलेही दिवे मालवून आम्ही तिघे बसलो. थोड्या वेळाने खुडबुड झाली, मग कुरतडण्याचा आवाज. त्या मुलाने रस्त्यापलीकडून आणलेली उंबरे संपत होती. नंतर पाखरू आत आले, दाराच्या पडद्यावरून वर चढले आणि अंग पसरून, काही आवाज न करता, समोरच्या कपाटावर जाऊन टेकले.

"साहेब निघाले ड्यूटीवर," मुलगा म्हणाला आणि स्वतः कंपनीची बस पकडायला गेला.

बुधवारी टेम्पो गावाकडे परतणार होता. त्याच्याबरोबर खोके पाठवले. पुढच्या खेपेला टेम्पोवाल्याने सांगितले की वनरक्षकासमोर तिन्हीसांजेला खोके उघडले, पाखरू हिरड्याच्या झाडावर चढले आणि ओढा ओलांडून पार गेले. परतीच्या फेरीचे त्याने दोनशे मागितले.

"गाडी रिकामीच चालली होती ना?" मी विचारले.

"रिकामी कुठं साहेब? पाशिंजर होता की!"

टेम्पोवाल्याला एकूण साडेसहाशे रुपये दिले.