चाचांची भट्टी आणि माझा आटोपशीर मसुदा

आमच्या लालबागच्या चाळीत दिवाळीची नानकटाई घरी मळायची आणि भाजायला खालच्या बेकरीत न्यायची. बेकरीवाल्या चाचांच्या लाकडाच्या भट्टीतून पाव निघाले, की उरलेल्या धगीवर चाळीचे ट्रे आत जात. ओळखू यावी म्हणून आई आमच्या नानकटाईवर चारोळी लावी, शेजारच्या काकू बदाम. मला ट्रे राखायला बसवत. राखणीचा मोबदला मी परस्पर बदामवाल्या ट्रेमधून घेई.

असा मी मोठा होऊन चिकटलो तो नेमका धूर कमी करणाऱ्या सरकारी कचेरीत. कार्बन कमी करायची धोरणं विभागागणिक वेगळी: मुंबईत भट्ट्यांना लाकूडबंदी, कोकणात काजू कारखान्यांना नव्या यंत्रासाठी अनुदान, विदर्भात वीटभट्ट्यांना वाढीव मुदत. ती एकत्र करून राज्याचा एकच मसुदा बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी कोकणी माणूस, काटकसर रक्तातच. बंदी सगळ्यांना लावली, अनुदान आणि मुदत ‘ग्रामीण भागासाठी’ म्हणून एका ओळीत बसवली. साहेब खूश. त्याच तोऱ्यात मी चाचांना सांगायला गेलो, की आता सरकार भट्टी बदलायला मदत देणार.

चाचांनी हातातलं पीठ झटकलं. “लालबाग ग्रामीणमध्ये येतं काय रे?”

नाही, मी म्हणालो.

“मग बंदी माझी आणि मदत दुसऱ्याची. वा, साहेब.”

मला ते जन्मात पहिल्यांदा साहेब म्हणाले. गाळा विकून टाका म्हणून त्यांचा मुलगा मागे लागलाच होता. आता विकावाच लागेल, असं ते आईला सांगून गेले. आई पदर खोचूनच उभी होती.

“मेल्या, जेच्या भट्टीवर वाढलंस, तीच विझवन इलंस?”

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, काल तर सगळं नीट बसलं होतं. मी म्हणालो, बसलं साहेब, पण बेकरीवाल्यांच्या मानगुटीवर. बरीच बोलणी खाल्ली. शेवटी एक वाक्य बदललं: जिथे बंदी, तिथे मदतही. मंजुरीला सरकारी वेळ लागला. तोवर चाचा रोज मुलाला ‘उद्या बघू’ म्हणत राहिले.

यंदा विजेची भट्टी आली. चाळीच्या कठड्यावर काजळी नाही, काकूंचा खोकला कमी आहे. नानकटाई सगळी एका रंगाची निघाली. आईने एक मोडून खाल्ली, बरी झाली म्हणाली, आणि दुसरी घेतली नाही.

पूर्वी पहाटे लाकडाच्या वासानेच जाग यायची. आता वास येत नाही, म्हणून मी उठल्या उठल्या कठड्यावरून वाकून बघतो, चाचांचं शटर वर आहे ना.