मोठं सायेब

शाहूपुरीतल्या आमच्या वकिली ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागं एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा फोटो होता. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन वकील, पुढं तिथला खासदार झालेला. गरिबाचं पोर स्वतःच्या हिमतीवर कायदा शिकलं, ही कथा साहेबांनी आम्हा प्रत्येक ज्युनिअरला कान किटेपर्यंत ऐकवलेली. दसऱ्याला कायद्याच्या पुस्तकांसोबत त्यालाही हार. आणि कोल्हापुरात हार घातलेला फोटो म्हणजे कैलासवासी वडीलच. त्यामुळं सगळे पक्षकार त्याला 'मोठं सायेब' म्हणत. साहेब मिशीतल्या मिशीत हसून सोडून देत.

मंगळवार पेठेतल्या एक मावशी तर आमच्याशी बोलण्याआधी त्यालाच हात जोडून काहीतरी पुटपुटायच्या. नवरा गेल्यावर दिरानं त्यांना घराबाहेर काढलं होतं. दावा कोर्टात रखडलेला.

यंदा साहेबांनी मला वकिलांच्या सभेत या थोर माणसाच्या चरित्रावर बोलायला सांगितलं. म्हणून मी त्याचे जुने खटले शोधून वाचायला घेतले आणि एका खटल्यावर थिजलेच. एक गुलाम बाई लेकराला घेऊन मालकाकडून पळाली होती, पकडली गेली. हा गृहस्थ मालकाचा वकील. युक्तिवाद काय, तर बाई आणि लेकरू ही मालकाची जंगम मालमत्ता आहे, ती परत मिळावी. खटला जिंकलासुद्धा. जंगम मालमत्ता हे शब्द मी रोज लिहिते, कपाटासाठी, म्हशीसाठी, मोटारसायकलीसाठी.

मी ते साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दर दसऱ्याला हार घातला की गं मी," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मावशी आल्या. दाराशी चप्पल काढून सवयीनं फोटोकडं वळल्या, हात जोडले.

"मावशी, तिकडं नको," साहेब म्हणाले. "ते आमचं कुणी न्हवं."

"तुमचं वडील न्हवं?"

"न्हवं. वकील हुता एक. पळालेल्या बाईला कोर्टातनं परत मालकाच्या घरात धाडली त्यानं."

मावशींचे हात तसेच जोडलेले राहिले.

"आणि मी दर तारखेला त्येलाच सांगत हुतो," त्या म्हणाल्या, "मला परत घरात धाडा म्हणून."