जोडताईंचा तारा

पडदा वर जातो तेव्हा टळटळीत दुपार आहे. वेधशाळेची अरुंद खोली, खिडकीवर काळं कापड, टेबलावर गार झालेला चहा आणि संगणकासमोर गालाला हात लावून बसलेल्या जोडताई.

नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं. ऐन तरुणपणी दुर्बिणीतून बघताना हवा क्षणभर निवळली आणि एका ताऱ्याच्या जागी त्यांना दोन दिसले. पुन्हा म्हणून दिसले नाहीत. केस पिकले, तरी चेष्टा सुरूच. "काय जोडताई, लागलं का लग्न ताऱ्याचं?" ताई हसून घ्यायच्या; पण आपले डोळे खोटे ठरले, हा सल काही जात नव्हता.

आता निवृत्ती तोंडावर आलेली, आणि नेमका वेगवान कॅमेरा आला. उकळत्या पाण्यासारखी हलणारी हवा ताऱ्याचं चित्र विस्कटून टाकते. हा पठ्ठ्या कॅमेरा पापणी लवायच्या आत फोटो काढतो, असे हजारो. हवा निवळते तो क्षण एखाद्या फोटोत सापडतोच. ताईंनी सगळे फोटो एकावर एक रचले. उमटला काय, तर पिठाचा गोळा!

रात्रभर घरी न आलेल्या बायकोला न्यायला यजमान आले होते. गोळा बघून म्हणाले, "अगं, यातले चांगले फोटो किती?"

"शंभरात एखादा."

"आणि बाकीचे?"

"तेही घातलेत. वेध घेणाऱ्यानं हाती आलेली नोंद फेकायची नसते. जन्मभर हेच—"

ताई बोलता बोलता थांबल्या. स्वतःच्याच वाक्याला ठेच लागली होती. हवेचा सगळा गोंधळ त्यांनीच इमानदारीनं आत घेतला होता!

"अहो, खुर्ची आणा. बसा. आणि बोलू नका."

"मी कुठे बोललो?"

हलके फोटो बाजूला काढताना त्यांचा हात जड झाला, पण काढले. उरलेले नीट जुळवून पुन्हा रचले. गोळा आक्रसला, मध्ये दबला, तुटला. काळ्याभोर पटावर दोन ठिपके, शेजारी शेजारी.

वेधशाळेच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, खरंच दोन आहेत हो. चुकलो आम्ही."

ताईंनी इतका लांब श्वास सोडला की यजमान दचकून उठले. त्या हसल्या, चपला काढल्या आणि कोपऱ्यातल्या बाकावर आडव्या झाल्या.

"कुणी विचारलं तर सांगा, बाई झोपल्यात."