मामांचं बोट

"आ कर. मंजूर? मंजूर."

एवढं म्हणून होईपर्यंत मामांचं उजव्या हाताचं बोट लेकराच्या तोंडात गेलेलं असायचं. लेकरू कुणाचं, झोपलेलं की जागं, आईला चालतं की नाही, हे प्रश्न नंतरचे. ठराव आपणच मांडायचा, अनुमोदनही आपणच द्यायचं आणि मंजूरही आपणच करायचा, ही सवय त्यांना आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनपदानं लावली होती. सर्वसाधारण सभेतही त्यांच्या "मंजूर?" आणि "मंजूर" यांच्यामध्ये माणसाला श्वास घेण्याइतकी जागा नसायची. असे चेअरमन तुमच्याही गावात असतील. फक्त ते लेकरांच्या तोंडात बोट घालत नसतील.

वडवणीच्या अलीकडं आमचं गाव. मी त्या संस्थेचा सचिव. सकाळी दूध मोजून घेणं आणि यंत्रावर फॅट काढणं हे माझं काम. मामांना यंत्र मान्य नव्हतं. ते कॅनमध्ये बोट बुडवायचे, चाटायचे आणि फॅट सांगायचे. त्यांचा आणि यंत्राचा आकडा कधी जुळला नाही. त्यांच्या स्वतःच्या म्हशीच्या बाबतीत तर बोट यंत्रापेक्षा फारच उदार व्हायचं. मी यंत्राचाच आकडा लिहायचो.

"शेक्रेटरी, तुमी लई कोरडे मानूस," ते म्हणायचे. विहिरी आटलेल्या, पाणी टँकरचं, म्हशी छावणीच्या चाऱ्यावर, आणि कोरडा मात्र मी.

त्या बोटाचा दिवस कसा जायचा तेही सांगतो. उठल्यावर तंबाखूत चुना मळायचा. मग दूध. मग गोठ्यात पेंड कालवायची. बाजाराच्या दिवशी बैलाच्या जबड्यात. मामा बैलाचा खालचा ओठ ओढून दात बघायचे आणि वय सांगायचे. त्यात ते चुकत नसत, हे मान्य केलं पाहिजे. "जनावराचे दात कळतेत, तर लेकराचं काय अवघड हाय?" असा त्यांचा हिशेब होता.

ज्या घरात मतं, त्या घराचे ते मामा. आमच्या घरी तर ते सभा घेऊनच मामा झाले. माझ्या बायकोला भाऊ नाही, बहिणीच. मुलीच्या, मुक्ताच्या, बारशाला हे आले आणि माईक नसताना माईकच्या आवाजात म्हणाले, "आमच्या ताईला भाऊ न्हाई आसं कोन म्हनतं? मी हाय. आजपासून मी मुक्ताचा मामा. मंजूर? मंजूर." बाया भारावल्या. संस्थेची निवडणूक पुढच्याच आठवड्यात होती. "अंगडं-टोपडं मागून पाठवतो," असं जाताना सांगून गेले. ते अजून यायचं आहे.

मुक्ताच्या हिरड्या सुजल्या तेव्हा लाळेनं तिची झबली भिजायला लागली. खाटेचा कठडा, माझ्या सदऱ्याची बाही, आईचा खांदा, जे सापडेल ते ती चावायची. लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी बायकोला सांगून ठेवलं होतं : धुतलेल्या बोटानं हिरडी हळू चोळा, स्वच्छ मऊ फडकं ओलं आणि गार करून चावायला द्या, दात दिसला की रोज ओल्या फडक्यानं पुसा, गूळ-साखर लावू नका. बायकोनं माझ्या वडिलांच्या जुन्या धोतराचे तुकडे उकळले. एक तुकडा उकळून निववलेल्या पाण्यात भिजवून झाकणाच्या वाटीत घालायची आणि ती वाटी माठाला टेकवून ठेवायची. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातली सगळ्यात गार वस्तू ती. फडकं तोंडात धरलं की मुक्ता निवायची.

मामा आले की आधी फडकं बाजूला जायचं आणि खिशातून गुळाचा खडा निघायचा.

"चिंधी कावून चघळायला देता, ताई? गूळ लावा. दात गोड निगतेत."

"मामा, हात तरी धुता का?"

"दुधाचा हात हाय. दूध कुटं घान आसतं?" आणि बोट आत. "काय न्हाई आजून. टाइम हाय. मंजूर? मंजूर."

एके दिवशी मंजुरीच्या आधीच मामा ओरडले. मुक्तानं बोट पकडलं होतं, आणि टोचत होतं वरून. बायकोनं तिला दारात उजेडाला धरलं, ओठ वर केला. वरच्या हिरडीत दोन पांढरे दाणे होते. खाली काही नव्हतं. मामा इतके दिवस फक्त खालची हिरडी चाचपत होते, कारण बैलाला वर पुढचे दात नसतातच.

वरचे दात आधी आले तर ते मामाला भारी, त्यानं ते बघायचेही नाहीत, असं आमच्याकडं मानतात. त्यातून मामा तालुक्याच्या दूध संघाला उभे होते आणि मतदान तोंडावर आलं होतं.

"ताई, खाली येखांदं आसंल. नीट बगा."

"नाही."

"मग सख्ख्या मामाला सांगाया पायजे."

"सख्खा कुठून आणू? तुम्हीच आहात."

मामांनी उपरणं झटकलं. "मी मानलेला हाय. त्यो तोंडी ठराव झालता. इतिवृत्तात हाय का? शेक्रेटरी, लिवलाय का कुटं?"

"बारशाचं इतिवृत्त ठेवत नाहीत," मी म्हणालो.

"मग नामंजूर," म्हणून मामा निघून गेले.

त्यानंतर मुक्ताला जुलाब लागले. एका रात्रीत पोर सुकली. सकाळी तिला ताप होता, ओठांना पापुद्रे आले होते, रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं आणि रात्रीपासून लघवी झालेली नव्हती. एसटी निघून गेलेली. गावात चालू गाडी एकच, संस्थेची दुधाची. बायको मुक्ताला खांद्यावर टाकून संस्थेसमोर आली, तेव्हा गाडीत कॅन चढवून झाले होते.

तिला बघताच मामा पाठमोरे झाले. भाचीचं तोंड दिसू नये म्हणून ते भिंतीशीच बोलत राहिले. "दाताचे जुलाब हायेत, ताई. समद्याच लेकरायला होतेत. दात निगाले की बंद. मंजूर? मंजूर."

"गाडी द्या. वडवणीला दवाखान्यात न्यायचंय."

"गाडी दूध थंड कराया चालली, उलट्या वाटंनं. दूध नासलं तर? उंद्या मतदान हाय, समदे काय म्हनतेल?"

बायको वाद घालत बसली नाही. मी पुढचं दार उघडलं, ती चढून बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, गाडी वडवणीला चालली. मंजूर? मंजूर."

ड्रायव्हरनं मामांच्या पाठीकडं पाहिलं. पाठ काही बोलेना. मी बायकोच्या शेजारी चढलो आणि त्यानं गाडी सुरू केली. मग मात्र दूध वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून मामा मागं उडी मारून कॅनांच्या मधे बसले, डोळ्यांवर उपरणं ओढून.

दवाखान्यात सिस्टर ओआरएसचं पाणी चमच्यानं मुक्ताला पाजायला लागल्या. दारातून उपरण्याआडून आवाज आला, "दाताचे हायेत, बाई."

"दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, लेकरू किरकिर करतं," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "जुलाब दातानं होत नाहीत. घाणीनं होतात. हिच्या तोंडात काय काय जातं?"

बायकोनं मामांच्या हाताकडं पाहिलं.

"बोट दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

मतदान केल्याशिवाय मामांनी कुणाला बोट दाखवण्याची ही पहिलीच वेळ. नखात चुना होता, पेंड होती, गूळ होता.

"हे लेकराच्या तोंडात घालता?"

"दुधाचा हात हाय, बाई..."

"म्हशीच्याही तोंडात घालू नका."

दुपारी बायकोची मांडी भिजली. मुक्ताला लघवी झाली होती. सकाळपासून दगडासारखी बसलेली बायको तेव्हा रडली. मुक्ता चमचा दातांखाली धरून सोडेना. बायकोच्या रडण्याच्या आवाजानं मामा पुढं आले, उपरणं खांद्यावर पडलं, आणि ते सरळ तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"चावती बरं का," हळूच म्हणाले.

दूध नासलं. दुसऱ्या दिवशी मामा पडले, आणि चांगलेच पडले. बायकोला नवी भीती लागली. आता हा डाग पोरीच्या नावावर बसणार, लग्नापर्यंत पुरणार. हॉटेलात एक जण बोललाच, "मामा, भाचीचे दात भोवले बगा."

मामा तंबाखू मळत होते. हात थांबला. "दातानं न्हाई पाडलं, बे. तुमी समदे तोंडावर मंजूर मंजूर म्हनलात, अन् पेटीत कुनीच न्हाई. माज्या भाचीचं नाव पुन्ना काडलं तर याद राख."

यात थाप नव्हती, हे मी यंत्राच्या आकड्याइतक्या खात्रीनं सांगतो. लगेच पुढच्या सभेत त्यांनी नासलेल्या दुधाचं खापर माझ्या यंत्रावर फोडलं, आणि तेही मंजूर झालं, ही गोष्ट वेगळी.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. संस्थेला कुलूप आहे, दूध खाजगी डेअरीची गाडी नेते. सभांमधले मामा मला फारसे आठवत नाहीत. मुक्ताच्या पाठीवर मुलगा झाला, त्याच्या हिरड्या सुजल्या तेव्हाचे आठवतात. दारात उभे होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून. पाठीमागं ते बोट चुळबुळत होतं.

"ताई, बगू का? मंजूर?"

आणि थांबले. मी त्यांना या शब्दावर थांबलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बायकोनं हातातली भाकरी थापली, तव्यावर टाकली, तिला पाणी फिरवलं. मामा उभेच.

"आधी साबण," ती म्हणाली.

मामा न्हाणीकडं गेले. बराच वेळ खळखळ ऐकू आली. टँकरचं पाणी होतं, तरी बायकोनं वाहू दिलं. मग ते अंगणातून परत आले, धोतराला हात न पुसता, वाटेतली शेळी कोपरानं बाजूला सारत, ते एक ओलं बोट कशालाही लागू नये म्हणून वर हवेत धरून.